सहा शिंगांचा राउटर

"बंद कर तो कूलर!" कामिनी ओरडली.

"डोकं फिरलंय का तुझं? मामा सालटी काढतील!" ललित म्हणाला.

"काढू देत. बंद कर आधी!"

ललितनं बटण दाबलं. घरघरणारा तो पत्र्याचा धिप्पाड कूलर एकदम गप्प झाला आणि धुळ्याचा मे महिना दार न वाजवता थेट घरात घुसला. मिनिटभरात तिघांच्या मानेवरून घामाचे ओघळ सुरू झाले. तिघं म्हणजे साक्रीहून सुट्टीला आलेला तेरा वर्षांचा ललित, रावेरहून आलेली त्याची मावसबहीण कामिनी आणि देवपुरातल्या ज्या घरात हे दोघं येऊन पडले होते त्या घरातला त्यांचा मामेभाऊ चंदन. चंदन दहाचा. कामिनी बाराची, पण हुकूम सोडायला लागली की चाळिशीची वाटायची.

"आता काय करायचं?" चंदननं विचारलं.

"वाट बघायची."

"तेच मला जमत नाही ना!" चंदन म्हणाला. आणि खरंच जमत नव्हतं. तो पलंगावर चढला, उतरला, खिडकीच्या गजाला लटकला, परत पलंगावर चढला.

कूलरवर त्यांचा संशय उगाच नव्हता. आठवडाभर रोज सकाळी, मामा कूलर लावून अंघोळीला जायचे त्याच सुमाराला, घरातलं इंटरनेट मरायचं. दुपारी जेवणाची ताटं वाढेपर्यंत आपोआप जिवंत व्हायचं. आणि राउटर ठेवलेला कुठे? कूलरच्या डोक्यावर! "यंत्राला थंडावा लागतो," असं मामांचं म्हणणं. वरून मामीनं त्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला, धूळ बसू नये म्हणून.

नुसती कार्टून बघायची असती तर कोणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण आतल्या खोलीत दिपमालाताई बसलेली होती. ताई म्हणजे चंदनची मोठी बहीण. दुपारी लॉ कॉलेज आणि सकाळी घरूनच नोकरी. पुण्याच्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन कॉम्प्युटरवर घ्यायचे, त्यांच्या तक्रारी ऐकायच्या, गोड बोलून सोडवायच्या. नोकरी अजून कच्ची होती, चाचणीचा महिना चालू होता. आणि रोज सकाळी गिऱ्हाईक रंगात येऊन भांडायला लागलं की फोन तुटायचा. मोबाइलचं नेट कंपनीला चालत नव्हतं, आणि चाललं असतं तरी त्या घरात रेंजची एकच काडी यायची, तीही गच्चीवर गेल्यावर.

"गेलं!" आतून ताईचा आवाज आला. "परत गेलं!"

ती दारात आली. कानावर हेडफोन, कपाळावर आठ्या. "सोमवारी सुपरवायझर मॅडम स्वतः लाइनवर बसून माझे कॉल ऐकणार आहेत. म्हणाल्या, त्या दिवशी तुटला तर पुण्याला ऑफिसात येऊन बस, नाहीतर सोडून दे. पुण्याला गेले तर माझं कॉलेज कोण करणार? चंदन?"

"मी करतो की!" चंदन म्हणाला. "वकील मोठ्यानं ओरडतात ना? मला येतं."

तेवढ्यात बाथरूमचं दार धाडकन उघडलं. शालिग्राममामा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. मामा शाळेत चित्रकला शिकवायचे, पण आवाज ड्रिल मास्तरचा. "कूलर कोणी बंद केला?"

"विज्ञानानं, मामा!" ललित म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला.

"कूलर बंद होता तरी नेट गेलं, मामा," कामिनी घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे कूलरचा गुन्हा नाही. सुटला तो!"

"मग लावा त्याला परत! माणसं उकडून मरतायत आणि हे कोर्ट चालवतायत!"

कूलर सुरू झाला. पण कामिनीनं राउटर खाली काढला होता. त्याला चार अँटेना होत्या. चंदन त्यांना शिंगं म्हणायचा. तिनं एक वायर घेऊन राउटर आणि ताईचा लॅपटॉप थेट जोडला. "वायफायचा घोळ असेल तर वायरनं तरी नेट यायला हवं."

नाही आलं. शून्य!

"म्हणजे वायफायही सुटलं," ललित म्हणाला. "सगळेच सुटतायत. मग चोर कोण?"

कामिनी भिंतीशी उकिडवी बसली. तिथे एक छोटी पांढरी डबी होती. बाहेरून, गच्चीवरून आलेली काळी वायर त्या डबीत शिरत होती आणि डबीतून दुसरी वायर राउटरला जात होती. राउटरचे सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे हिरवे. पण डबीवर एक दिवा लालभडक लुकलुकत होता.

"हा लाल दिवा रोज असतो का रे?"

"मी कशाला बघू तिकडे?" चंदन म्हणाला.

"बघ आता. नेट आलं की मला हाक मार."

चंदन डबीसमोर मांडी घालून बसला. त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात लांब सकाळ असावी. तो कधी एका पायावर उभा राहिला, कधी उलटा लोंबला, पण डबीवरची नजर हलवली नाही. स्वयंपाकघरात मामी भाकरी थापायला बसली तसा तो किंचाळला, "विझला! लाल विझला! आणि नेट आलं!"

कामिनीनं टाळी वाजवली. "बघा मामा. राउटर म्हणजे आपल्या घरातला नळ. आणि ही वायर म्हणजे बाहेरून येणारी पाइपलाइन. पाणीच आलं नाही, तर नळ चांदीचा बसवून काय उपयोग? लाल दिवा म्हणजे बाहेरूनच काही येत नाहीये!"

मामांनी मान डोलवली. मग ती मान उलट्या दिशेनं फिरली. "पण प्रेमराज म्हणतो राउटरच खराब आहे. प्रेमराज माझा विद्यार्थी आहे. लहानपणी हत्ती फार छान काढायचा. तो खोटं बोलणार नाही."

प्रेमराज म्हणजे या गल्लीत इंटरनेट पुरवणारा माणूस. त्याचं दुकान होतं, मोटारसायकल होती, तक्रार आली की दुपारी धाडायला एक माणूस होता आणि प्रत्येक आजारावर एकच औषध होतं: राउटर बदला. पहिल्यांदा तक्रार केली तेव्हा त्यानं दोन शिंगांचा राउटर "जळाला" म्हणून उतरवला आणि चार शिंगांचा बसवला. दुसऱ्या दिवशी नेट खरंच गेलं नाही. मामा खूश! तिसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच.

"उद्या तो सहा अँटेनांचा आणतोय," मामा म्हणाले. "एकदम वरचं मॉडेल."

"आपल्या घराला खोल्या तीन आणि शिंगं सहा?" ललित म्हणाला. "खोलीमागे एक बैल!"

मामी हसली, मामा नाही हसले. पण कामिनीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिनं दोघांना गच्चीच्या जिन्यात ओढलं.

"तो जुना, जळालेला राउटर कुठेय?"

"माळ्यावर. का?"

"जळालाय का ते बघू या!"

रविवारी दुपारी प्रेमराज आला. गॉगल डोक्यावर, काखेत चकचकीत खोकं. "नमस्कार सर! आज तुमचा प्रश्न मिटवूनच जातो." खोक्यातून त्यानं ते काळं धूड बाहेर काढलं. सहा शिंगं वर करून ते उताण्या खेकड्यासारखं दिसत होतं.

"बापरे! चावतो का हा?" चंदननं विचारलं.

"चावत नाही, धावतो!" प्रेमराज म्हणाला.

"काका, तुम्ही चहा घ्या," कामिनी मधाळ आवाजात म्हणाली. "दोन वायरी तर खोचायच्यात. आम्ही खोचतो. सुट्टीत शिकायला मिळेल."

प्रेमराजला काय, आयतं मिळत होतं! त्यानं खुर्चीत अंग टाकलं. "शाब्बास. हुशार आहेत पोरं, सर. नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा बरं का."

"एकदम जुनाच, काका!" ललित म्हणाला आणि त्याला इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग करावं लागलं.

त्यांनी काय केलं? सहा शिंगांचं ते धूड कपाटावर सगळ्यांना दिसेल असं मांडलं. त्याला फक्त विजेची वायर लावली. त्याचे दिवे दिवाळीसारखे लागले. पण डबीतून येणारी वायर? ती पडद्यामागून गेली होती पुस्तकांच्या फळीवरच्या बुटाच्या खोक्यात. आणि खोक्यात बसला होता माळ्यावरचा, दोन शिंगांचा, "जळालेला" राउटर!

"झालं काका!"

प्रेमराजनं मोबाइल काढला. व्हिडिओ लावला. तो झरझर चालला. "बघा सर! कालपर्यंत बैलगाडी होती, आज विमान! सहा अँटेना म्हणजे काय खेळ आहे?"

"खरंच रे," मामा कौतुकानं म्हणाले. "फरक जाणवतोय."

"जाणवणारच! मी तर आत शिरल्या शिरल्या ओळखलं. हवेतच जोर आहे."

ललितनं उशी तोंडात कोंबली.

"पप्पा, हा गरम झालाय का बघतो हं," चंदन म्हणाला. तो खुर्चीवर चढला आणि त्यानं सहा शिंगांच्या राउटरची पिन खस्सकन उपटली. दिवाळी विझली. धूड मेलं.

प्रेमराजच्या मोबाइलवरचा व्हिडिओ मात्र चालूच होता. त्यात एक माणूस मजेत नाचत होता.

प्रेमराजनं मोबाइलकडे बघितलं. कपाटाकडे बघितलं. परत मोबाइलकडे.

"काका," चंदन म्हणाला, "तुमचं विमान पेट्रोलशिवायच उडतंय!"

कामिनीनं बुटाच्या खोक्याचं झाकण उचललं. मामा उठले, जवळ गेले, वाकून बघितलं.

"प्रेमराज, हा तूच उतरवलेला ना? जळाला म्हणून?"

"सर... ते काय असतं... कधीकधी थंड झाल्यावर सुधारतात ते."

"तू तपासला होतास?"

"तपासायचं म्हणजे... सर, राउटरच असतो नेहमी. शंभरातल्या नव्वद वेळा."

"उरलेल्या दहा वेळा काय असतं?" ललितनं विचारलं. प्रेमराजनं त्याच्याकडे असं बघितलं, की ललित मामांच्या पाठीमागे गेला.

"लाइन बघा ना काका," कामिनी म्हणाली. "सकाळी या. लाल दिवा सकाळीच लागतो. तुमचा माणूस रोज दुपारी येतो आणि दुपारी सगळं ठीक असतं."

"लाइन माझी पोलादी आहे!" प्रेमराज उठला. खोकं त्यानं काखेत मारलं. "तरी येतो उद्या सकाळी. नऊच्या आत. सर, तुमच्या शब्दाखातर."

तो गेला. मामांनी जुना राउटर खोक्यातून काढून हातात घेतला. मग म्हणाले, "हत्तीसुद्धा तो पुस्तकावरून छापून काढायचा. आता लक्षात येतंय."

संध्याकाळी तिघं गच्चीवर गेले. काळी वायर त्यांच्या गच्चीच्या भिंतीतल्या खिळ्याला सैल वेढा घालून शेजारच्या मंजुळाअक्कांच्या मोठ्या गच्चीवरून पार पलीकडच्या खांबापर्यंत गेली होती. कुठे तुटलेली नाही, सोललेली नाही. अक्कांची गच्ची झाडून पुसून लख्ख. चोर सापडला नाही.

दिपमालाताई जेवली नाही. आपल्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. "प्रेमराज येईल ना?" तिनं तीनदा विचारलं.

सोमवार उजाडला. मामी अंधार असतानाच नेहमीप्रमाणे मंजुळाअक्कांकडे गेली होती. उन्हाळ्यात या गल्लीचा नेम होता. आज एकीची बिबडी, उद्या दुसरीची, पण थापायला सगळ्या जणी एकत्र, आणि जागा एकच, अक्कांची गच्ची, कारण तिच्यावर झाडाची सावलीसुद्धा पडत नाही. ज्वारीचं शिजवलेलं पीठ ओल्या फडक्यावर थापायचं, फडकं उलटं करून बिबडी साडीवर सोडायची आणि कडक वाळवायची. पोरांना रोज बोलावणं यायचं, कावळे हाकायला चला म्हणून. पोरं रोज झोपेचं सोंग घ्यायची.

ताई लॅपटॉपसमोर बसली. "साडेनऊला मॅडम येणार."

नऊ वाजून गेले. प्रेमराजचा पत्ता नाही. मामा फोन लावत होते. तिकडून एक बाई गोड आवाजात सांगत होती, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती उत्तर देत नाही.

"उत्तर त्याच्याकडे कधीच नव्हतं!" मामांनी फोन आपटला.

आणि डबीवर लाल दिवा लागला.

"लाल!" चंदन किंचाळला.

"अरे देवा!" आतून ताईचा आवाज. "माणूस बोलत होता आणि तुटला! अर्ध्या वाक्यात तुटला!"

ताई बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला. ती हेडफोन हातात घेऊन दारातच उभी राहिली.

कामिनी खोलीत गोल गोल फिरायला लागली. "विचार करा, विचार करा! मधे एक दिवस नेट गेलं नव्हतं. चार शिंगांचा बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी वेगळं काय होतं?"

"मला माहितीये!" चंदन म्हणाला. "पप्पांनी खिचडी केली होती. करपलेली!"

"मामांनी का केली?"

"आई नव्हती ना. शिंदखेड्याला लग्न होतं. गल्लीतल्या सगळ्याच बायका टेम्पोनं गेल्या होत्या."

कामिनी थांबली. ललितही थांबला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि एकाच वेळी ओरडले, "अक्कांची गच्ची!"

"चंदन, तू डबीसमोरून हलू नकोस! दिव्याचा रंग ओरडून सांग. ललित, तू आपल्या गच्चीवर, वायर येते तिथे. मी अक्कांकडे!"

कामिनी शेजारचा जिना तीन उड्यांत चढली आणि शेवटच्या पायरीवर जिथल्या तिथे खिळली. पाय ठेवायला जागाच नव्हती! कठड्यापासून कठड्यापर्यंत साड्या अंथरलेल्या आणि साड्यांवर ओल्या बिबड्यांचे शेकडो चंद्र. पलीकडच्या कडेला काळी वायर, आणि त्या वायरवर रांगेनं लटकत होती धुतलेली फडकी. जाडजूड, ओली, टपटप गळणारी. वायर मधोमध पार झोळीसारखी लोंबली होती.

"चपला काढ पोरी!" मंजुळाअक्का सगळ्या गच्चीवरून हात फिरवत ओरडल्या. "आनि पाय ठेवजो नको! बठ्ठी बिबडी ओली शे!"

"अक्का, ती फडकी काढा! लवकर! त्या वायरवरची!"

"कसाले? आत्तेच टाकात. मजबूत दोरी शे, येक बी डाव तुटनी नही."

"अक्का, दोरी नाही ती! आमचं इंटरनेट आहे!"

"इतली बारीक?" अक्का वायरीकडे बघत राहिल्या. "मना मनमा वाटनं, प्रेमराजनी बायासनी सोय कयी."

कोपऱ्यात थापायला बसलेली मामी ताडकन उठली. तिचे दोन्ही हात पिठानं भरलेले. "अगं बाई! म्हणजे रोज आम्हीच...?"

"मामी, ताईची नोकरी! पंधरा मिनिटं राहिलीत!"

मामीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मधे बिबड्यांचा समुद्र. पलीकडे पोचायचं तर निम्मी तरी तुडवावी लागणार. कावळे हाकायची लांब काठी जिन्याशी उभी होती. कामिनीनं ती उचलली, पोट कठड्याला टेकवलं आणि काठीच्या टोकानं पहिलं फडकं वर उचललं.

"हां! आस्सं!" अक्का म्हणाल्या. "जरा डावीकडे. पाडजो नको बिबडीवर, नहीतर तुले खावाले लावसू!"

पहिलं फडकं सुटलं, मामीनं झेललं. दुसरं सुटलं. तिसरं जड होतं, काठी वाकली, थरथरली, सगळ्या बायका श्वास रोखून बसल्या. तेही आलं. एकेका फडक्यानं वायर वर उठत होती.

"रंग कोणता?" कामिनी ओरडली.

"रंग कोणता?" ललितनं आपल्या गच्चीवरून खाली आवाज दिला.

"लाल!" खालून चंदन.

"लाल!" ललित.

चौथं निघालं. लाल. पाचवं निघालं. लाल! शेवटचं निघालं, वायर मोकळी झाली, वाऱ्यावर डुलायला लागली.

"आता?"

"लालच!"

कामिनीनं काठी खाली टेकवली. चूक झाली? चोर दुसराच?

"थांब!" ललित ओरडला. तो आपल्या कठड्याशी वाकला होता. तिथे भिंतीत एक मोठा खिळा होता आणि वायरीला त्या खिळ्याभोवती वेढा दिलेला होता. काल तो वेढा सैल होता. आज फडक्यांच्या ओझ्यानं आवळून आवळून तो गळफासासारखा घट्ट बसला होता. "कामिनी! इथे वायर पिळवटलीय! पुरी मुडपलीय!"

"ओढू नकोस! हळू सैल कर!"

"माझे हात घामानं निसटतायत!"

"शर्टाला पूस!"

ललितनं हात पुसले. बोटांनी वायर खिळ्यावरून अगदी हळू सरकवली. थोडी सुटली. आणखी थोडी. मग ती स्प्रिंगसारखी फुलली आणि गोल मोठा वेढा होऊन त्याच्या हातात आली.

खालून आवाज नाही.

"चंदन! रंग कोणता?"

आवाज नाही.

"चंद्या! मेलास का?"

"हिरवाऽऽऽ!" चंदननं अशी आरोळी ठोकली, की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "हिरवा, हिरवा, हिरवा!"

घड्याळात साडेनऊला तीन मिनिटं कमी होती. आतून ताईचा आवाज आला, जरासा कापरा, पण गोड, "नमस्कार, मी दिपमाला बोलतेय. मी आपली काय मदत करू?"

ललित तिथेच, हातात वायरीचा वेढा घेऊन, उन्हात उभा राहिला. "मी सोडू का ही आता?" त्यानं विचारलं. कोणीही हो म्हणेना. शेवटी मामांनी त्याच्या डोक्यावर छत्री धरली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मामा-भाचे तसेच पुतळ्यासारखे उभे.

प्रेमराज आला तो सावकाश, गॉगल पुसत. "सर, ट्रॅफिक होतं."

"देवपुरात?" मामा म्हणाले. "ये, वर ये. तुझी पोलादी लाइन बघ."

प्रेमराजनं खिळा बघितला. अक्कांच्या हातातली ओली फडकी बघितली. त्याचा चेहरा हळूहळू लाल दिव्यासारखा झाला.

"या वायरीच्या आत काच असते ना काका?" कामिनीनं विचारलं. "केसासारखी बारीक? आणि तिच्यातून उजेड जातो?"

"हो."

"मग काच मुडपली तर उजेड कसा जाणार? फडकी वाळून हलकी झाली की वेढा थोडा सैल होतो, उजेड जातो. तेवढ्यात तुमचा माणूस येतो, आणि म्हणतो राउटर बदला!"

"खिळा कोणी ठोकला, प्रेमराज?" मामांनी विचारलं.

"पोरं घाईत होती, सर... मी नंतर वर चढून बघायला हवं होतं." मग त्याचा हात आपोआप कानाकडे गेला, जसा शाळेत जायचा. "चुकलं, सर."

त्यानं तिथेच बैठक मारली. खिळा उपटला, नीट आकडा लावला, वायर उंचावरून भिंतीलगत फिरवली, वळणं मोठी आणि गोल ठेवली. अक्कांना कपडे वाळवायला खरीखुरी नायलॉनची दोरी बांधून दिली. चार शिंगांचा राउटर परत घेऊन जायलाही कबूल झाला.

"आणि सहाचा?" त्यानं हळूच विचारलं.

"तुमच्या घरी लावा!" चंदन म्हणाला.

दोन शिंगांचा जुना राउटर कामिनीनं मधल्या खोलीत उंच फळीवर मोकळा ठेवला. "कूलरचा पत्रा आणि पाणी, दोन्ही वायफायला आडवं येतं. कपाटात कोंडायचा नाही. तीन खोल्यांना एवढा पुष्कळ आहे. आणि मामी, रुमाल काढ. त्यालासुद्धा उकडतं!"

मामीनं रुमाल काढला आणि नाइलाजानं टीव्हीवर घातला.

दुपारी ताईच्या खोलीचं दार उघडलं. सगळे जेवण सोडून उठले. ताई सरळ माठाकडे गेली, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि तोंड पुसलं.

"बोल ना!" चंदननं पाय आपटले. "काय झालं?"

"मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. एकदाही तुटला नाही." ताईच्या ओठांच्या कडा हलल्या. "नोकरी पक्की. इथूनच. पुणं रद्द!"

मग जो आरडाओरडा झाला त्यात कूलरचा आवाजही बुडाला. मंजुळाअक्का अर्धवट सुकलेल्या बिबड्यांचं ताट, वर कच्चं तेल आणि तिखट घालून, घेऊनच आल्या. पोरांच्या लेखी त्यापुढे मिठाईनंही झक मारावी. "खा रे पोरेहो! मनी येक बी बिबडी नही तुडवी, आनि पोरनी नोकरी वाचाडी!"

मामांनी तिघांना जवळ ओढलं. "मी माझ्या विद्यार्थ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला. तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. शाब्बास रे!" एवढं बोलून त्यांनी ताटातली सगळ्यात मोठी बिबडी उचलली.

"ताई," ललित बोटं चाटत म्हणाला, "मॅडम आल्यावर पहिला फोन कोणाचा होता गं?"

"त्याचाच! अर्ध्या वाक्यात तुटला होता ना, तो माणूस. असा भडकला होता! म्हणाला, तुम्ही लोक मुद्दाम फोन कापता!"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, तुम्ही अगदी निवांत भांडा. आज मी कुठेही जात नाही."